'हँग-ऑन' आणि वळणाचे गणित

दिवाळीच्या सुट्टीत मामाच्या संगणकावर मी 'हँग-ऑन' हा मोटारसायकल शर्यतीचा जुना खेळ खेळलो. पहिल्या दिवशी जवळजवळ प्रत्येक वळणावर माझी गाडी रस्त्याकडेच्या पाटीवर आदळून पेटली. "वळणाआधी वेग कमी कर," मामा म्हणाला. असे का, हे शोधताना बरेच काही कळले.

जपानच्या सेगा कंपनीने हा खेळ १९८५ साली आणला. त्याचे रचनाकार यू सुझुकी. व्हिडिओ गेमच्या दुकानांत त्यासाठी चक्क लाल मोटारसायकल ठेवलेली असे. खेळाडूने तिच्यावर बसून अंगाच्या भाराने ती झुकवायची, की पडद्यावरची गाडी वळे. समोरचा रस्ता खोलवर गेलेला दिसतो, पण तो भास आहे. झाडे, पाट्या ही सपाट चित्रेच. यंत्र ती भराभर मोठी करते, म्हणून जवळ आल्यासारखी वाटतात.

आता झुकण्याचे कारण. वळताना गाडीला आतल्या बाजूला अभिकेंद्री बल लागते. ते टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणातून मिळते. वेग दुप्पट केला, तर त्याच वळणाला हे बल चौपट लागते. ते जमिनीलगत लागत असल्याने सरळ उभी गाडी बाहेरच्या बाजूला कलंडेल. म्हणून स्वार आत झुकतो. शर्यतीतले स्वार तर आसनावरून आतल्या बाजूला लोंबकळतात. त्यामुळे दोघांचा मिळून गुरुत्वमध्य आत सरकतो आणि गाडी थोडी कमी झुकवली तरी चालते. खेळाचे नाव याच पद्धतीवरून पडले.

या खेळातला खरा प्रतिस्पर्धी म्हणजे घड्याळ. वेळेत टप्पा गाठला, तर जादा सेकंद मिळतात. आपटलो, तरी गाडी लगेच परत मिळते; वाया जातो तो फक्त वेळ. तिसऱ्या दिवशी मी वळणाआधी ब्रेक दाबू लागलो आणि पहिला टप्पा पार झाला.

तेव्हा मामाने गुडघ्यावरची जुनी खूण दाखवली. कॉलेजात असताना घाटातल्या वळणावर वाळूवरून त्याची गाडी घसरली होती. वाळूवर घर्षण कमी, मग झुकून काय उपयोग? "तिथे जादा सेकंद मिळाले नाहीत," तो म्हणाला.

मित्रांनो, अठरा पूर्ण होताच आपल्यापैकी बरेच जण परवाना काढतील. वळण लांबून दिसले की तेव्हाच वेग कमी करा.