बोटीवरचं धुणं, गिरगावची काठी

क्रूझच्या केबिनला लोहचुंबक चिकटतो! भिंत दिसते लाकडी किंवा वॉलपेपर लावलेली, पण बहुतेक जहाजांवर आत असतो पोलादी पत्रा. चुंबकाचे पाच-सहा हुक बॅगेत टाकून न्या. ओला टॉवेल, पोहण्याचा पोशाख, टोपी, पिशवी, सगळं भिंतीवर लटकतं आणि जमीन मोकळी राहते. गिरगावच्या फणसवाडीतल्या दोन खोल्यांत सहा माणसांचं धुणं वाळवलेल्या कुणालाही हे सांगा, डोळे चमकतात. जागा थोडी आणि कपडे फार, हे गणित आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सोडवलं गेलं आहे.

आता तर जहाज दाराशीच लागतं. २०१८ च्या ऑक्टोबरात ‘आंग्रिया’ मुंबईहून गोव्याला निघाली. २०२१ च्या सप्टेंबरपासून कॉर्डेलियाची ‘एम्प्रेस’ इथून सुटू लागली. ही ‘एम्प्रेस’ म्हणजे १९९० साली ‘नॉर्डिक एम्प्रेस’ या नावानं सेवेत आलेली बोट. गोव्याच्या एका रात्रीत धुण्याचा प्रश्नच येत नाही. पण अलास्का, नॉर्वे, भूमध्य समुद्र अशी दहा-बारा रात्रींची सफर असली, की चौथ्या-पाचव्या दिवशी कपाटाच्या तळाशी गाठोडं साचतं. मग सुरू होतात धुण्याच्या गमती.

काठी, दांडी आणि नऊवारी

चाळीच्या खोलीत छताला टांगलेल्या दांड्या असत आणि कोपऱ्यात उभी काठी. धुतलेलं लुगडं काठीच्या टोकावर घेऊन अलगद वर सरकवायचं. या पद्धतीमागे मोठं कारण होतं सोवळ्याचं. धुतलेल्या वस्त्राला कुणाचा हात लागू नये, म्हणून ते उंच वाळायचं आणि काठीनंच खाली यायचं. त्यात एक शास्त्र आपोआप साधलं. उबदार हवा वर चढते, म्हणून छताजवळ कपडा लवकर वाळतो. शिवाय खाली पंगत बसू शकते.

केबिनमध्ये दांडीची जागा न्हाणीघरात. शॉवरच्या भिंतीवर एक गोल, चपटी डबी दिसते. बरेच लोक सफर संपेपर्यंत तिला हात लावत नाहीत. तिच्यातलं टोक ओढलं की आतून दोरी निघते आणि समोरच्या खुंटीला अडकते. झाली वलणी! दोरी असते मात्र जेमतेम दोन हातांची. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. नऊवारी त्या दोरीवर घालायची तर बऱ्याच घड्या पडतील आणि मधल्या घड्या दोन दिवस ओल्या राहतील.

नऊवारी म्हटलं की मला डॉक्टर होण्यासाठी अमेरिकेला गेलेल्या आनंदीबाई जोशी आठवतात. ७ एप्रिल १८८३ ला त्या कोलकात्याहून ‘सिटी ऑफ कॅलकटा’ बोटीनं निघाल्या आणि लंडनमार्गे ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. जवळजवळ दोन महिने! अठरा वर्षांची मुलगी, वेगळं अन्न, आणि सोबत लुगडी. पुढे अमेरिकेच्या थंडीत नऊवारीत पाय उघडे पडतात, म्हणून त्यांनी साडी गुजराती पद्धतीनं नेसायला घेतली. आजच्या क्रूझवर पाचवी साडी बॅगेत कोंबताना या मुलीची आठवण जरूर काढावी.

पीळ दिलेली दोरी

महालक्ष्मीच्या धोबीघाटावर पुलावरून पाहिलं तर हजारो कपडे वाऱ्यावर, आणि चिमटा एकही नाही. जादू दोरीत आहे. दोन दोऱ्या एकमेकींना पीळ देऊन ताणलेल्या असतात. कपड्याचं टोक त्या पिळात खोचायचं. दोरी जितकी ताणलेली, तितकी पकड घट्ट. परदेशी दुकानांत ‘बिनचिमट्याची प्रवासी दोरी’ म्हणून रबराची पिळदार दोरी मिळते आणि क्रूझला जाणारे ती हौसेनं घेतात. युक्ती हीच. आपण नाडीच्या दोन पदरांना पीळ दिला तरी काम भागतं.

या घाटाची सुरुवात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची. एकाच जागी सर्वाधिक माणसांनी हातानं कपडे धुण्याचा विक्रम म्हणून २०११ साली गिनेस बुकात त्याचं नाव गेलं. दगडावर आपटून पांढरं शुभ्र करणाऱ्या त्या हातांना मिळालेला हा मान मला फार मोलाचा वाटतो.

इस्त्रीला बंदी का?

जवळजवळ सगळ्या कंपन्या केबिनमध्ये इस्त्री आणायला मनाई करतात. वाफेची छोटी इस्त्रीसुद्धा चालत नाही. चढताना बॅग तपासली जाते, इस्त्री निघाली की ती ठेवून घेतात आणि उतरताना परत देतात. बाल्कनीच्या कठड्यावर कपडे वाळत घालायलाही बंदी. चाळीच्या गॅलरीत वाढलेल्या माणसाला हे जड जातं, पण कारण पक्कं आहे. जहाजावर सगळ्यात मोठी भीती बुडण्याची नसते, आगीची असते. समुद्रात बंब येत नाही. वाऱ्यानं उडालेला टॉवेल खालच्या मजल्यावर कुठे जाऊन अडकेल, तेही सांगता येत नाही.

आणि धुलाईच जहाज पेटवू शकते, हे २० जुलै १९९८ ला मायामीजवळ दिसलं. ‘एक्स्टसी’ नावाची क्रूझ नुकतीच बंदरातून निघाली होती. मुख्य धुलाईखान्यात कर्मचारी परवानगी न घेता वेल्डिंग करत होते. ठिणगी पडली ती कपड्यांच्या फुसावर. ड्रायरमधून निघणारा हा मऊ, कापसासारखा तंतूंचा कचरा हवेच्या नळांत भरपूर साचलेला होता. आग नळांतून थेट जहाजाच्या मागच्या डेकपर्यंत पोचली. तिथे जाडजूड दोरखंड ठेवलेले होते, ते भडकले. प्रवासी वाचले, पण काळ्या धुराचे लोट किनाऱ्यावरच्या लोकांनी पाहिले. घरी ड्रायर असेल तर त्याची जाळी दर वेळी साफ करा, ती याचसाठी.

मग कडक घडी हवी असेल तर? न्हाणीघरात गरम पाण्याचा शॉवर सोडा, वाफ कोंडू द्या आणि सदरा हँगरवर अर्धा तास टांगा. सुती सदऱ्याला परीटघडी येणार नाही, पण चुरगळा उतरतो. आणि ज्या जहाजांवर प्रवाशांसाठी धुलाईची खोली असते, तिथे इस्त्रीही तिथेच ठेवलेली असते.

ही खोली सगळीकडे नसते, तिकीट काढतानाच विचारा. क्युनार्डच्या जहाजांवर यंत्रं फुकट आहेत. डिस्ने आणि प्रिन्सेसकडे पैसे भरून वापरायची. रॉयल कॅरिबियनकडे ही सोयच नाही, कपडे त्यांच्याकडे द्यायचे. तिथे नगाप्रमाणे दर लागतो, म्हणून मधल्या एखाद्या दिवशी ‘पिशवी भरून द्या, ठराविक पैसे’ अशी चिठ्ठी केबिनमध्ये आली की ती सोडू नये. कपडे घडी न घालता घट्ट गुंडाळ्या करून भरा. कोकणात जाताना वळकटी बांधलेल्या हातांना पिशवी किती मावते, हे शिकवावं लागत नाही.

फेस

समुद्राच्या पाण्यात साबण का फसतो? त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. साबण त्यांच्याशी जुळून चिकट साका तयार होतो, फेस होतच नाही. शिवाय खाऱ्या पाण्यात धुतलेला कपडा वाळल्यासारखा वाटतो आणि दमट हवेत पुन्हा ओलसर होतो. तंतूंत उरलेलं मीठ हवेतली ओल ओढून घेतं. जुन्या खलाशांची अंगं त्यामुळे सोलवटून निघत.

यावर उतारा निघाला नारळातून. खोबरेल तेलापासून केलेला साबण खाऱ्या पाण्यातही फेस देतो, म्हणून खलाशांचा साबण त्याच तेलाचा होत असे. कोकणच्या माणसाला याहून आनंदाची बातमी कोणती?

आजची जहाजं समुद्राचंच पाणी गोडं करतात. इंजिनाच्या फुकट जाणाऱ्या उष्णतेवर, हवेचा दाब कमी करून, पाणी शंभर अंशांच्या बरंच खाली उकळवतात आणि वाफेचं पाणी करतात. दुसरी पद्धत म्हणजे बारीक पडद्यातून दाबानं गाळायचं. असं पाणी अतिशय मृदू असतं. म्हणून जहाजावर पावडर घरच्यापेक्षा निम्मी टाका. नाहीतर कितीही खळबळा, फेस संपत नाही.

गिरगावच्या जुन्या वाड्यांनी हा फरक स्वतः अनुभवला आहे. आधी भिस्त विहिरींवर, आणि समुद्राजवळच्या कित्येक विहिरी मचूळ. १८६० मध्ये विहारचं पाणी आलं, १८९२ मध्ये तानसाचं. नळाच्या त्या पाण्यात साबणाला पहिल्यांदा भरघोस फेस आला असेल, तेव्हा मोरीत काय आनंद झाला असेल!

धोबी तलावातून जगभर

आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट. ब्रिटिश आरमारात कपडे धुण्याला म्हणतात ‘धोबी’. धुण्याचे कपडे म्हणजे धोबी, धुवायला बसणं म्हणजे ‘धोबीइंग’, आणि साबणाची पावडर म्हणजे ‘धोबी डस्ट’! आपण मराठीत परीट म्हणतो, पण मुंबईनं धोबी हा शब्द आपलासा करून एका तळ्याला दिला. फणसवाडीतून निघून चालत गेलं की थोड्या वेळात धोबी तलाव येतो. तळं कधीच बुजलं, नाव टिकलं. तो शब्द मात्र अटलांटिकपर्यंत फिरून आला.

खलाशांच्या कपड्याचा शब्दही इथलाच. इंग्रजीतला ‘डंगरी’ म्हणजे जाडंभरडं, न फाटणारं सुती कापड आणि त्याची विजार. हे नाव मुंबईच्या डोंगरीवरून पडलं, असं शब्दकोश सांगतात. म्हणजे खलाशाच्या अंगावरचा कपडा डोंगरीचा आणि तो धुण्याचा शब्द धोबी तलावाच्या नावातला. दोन्ही ठिकाणांमध्ये अंतर किती? बसचे चार-पाच थांबे.

आणि माणसं? धोबी तलावाच्या ‘जेर महाल’ इमारतीत गोव्यातल्या गावांची ‘कुडं’ आहेत. कूड म्हणजे एका गावच्या लोकांनी मुंबईत घेतलेली सामायिक जागा. जहाजावर नोकरी करणारे तारवटी बोट मिळेपर्यंत इथे राहत. भिंतीलगत ओळीनं ट्रंका, एका टोकाला गावच्या संताची वेदी आणि संध्याकाळी सगळ्यांची एकत्र प्रार्थना. स्वयंपाकी, वाढपी, केबिन सांभाळणारे, वादक असे गोव्याचे कितीतरी लोक जगभरच्या बोटींवर गेले, ते या खोल्यांमधून. फणसवाडीचा माणूस मेट्रोला सिनेमा बघायला जाताना त्यांच्या जिन्यासमोरून जात होता. क्रूझवर संध्याकाळी केबिनमध्ये शिरताच पलंगावर टॉवेलचा हत्ती किंवा माकड बसलेलं दिसतं ना, तेव्हा तो टॉवेल कुणी धुतला, कुणी घडी घातली, हे जरूर विचारा. धुलाईखाना असतो अगदी खालच्या मजल्यांवर, खिडकी नसलेल्या जागेत. तिथे दिवसाला हजारो टॉवेल धुऊन निघतात, समुद्राचं दर्शन मात्र होत नाही. केबिन सांभाळणारा आपल्याकडचा निघाला आणि कोकणी किंवा मराठीत दोन शब्द बोललात, तर त्याचा चेहरा कसा खुलतो, ते पाहण्यासारखं असतं.

बिब्ब्याची खूण

जहाजावर धुवायला दिलेल्या कपड्यांवर छोटा कागदी बिल्ला टाचून येतो. आपल्याकडच्या परटाची खूण याहून पक्की होती, ती बिब्ब्याच्या रसाची. पाण्यानं, साबणानं, भट्टीतही जात नाही. इंग्रजीत या फळाला ‘खुणेचं फळ’ असंच नाव पडलं आहे. बिब्बा उततो, हे आपल्या आज्यांना ठाऊक. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या परदेशी सैनिकांना ठाऊक नव्हतं. त्यांच्या मानेवर नेमक्या कॉलरच्या खुणेखाली पुरळ उठे. डॉक्टरांनी शोध घेतला, कारण सापडलं आणि १९४३ साली ते वैद्यकीय नियतकालिकात छापूनही आलं. ‘धोबी मार्क डर्मटायटिस’ हे त्या विकाराचं नाव आजही त्वचारोगाच्या पुस्तकांत आहे.

हातानं धुणार असाल तर एक युक्ती सोबत घ्या. पिळलेला कपडा कोरड्या टॉवेलवर पसरा, टॉवेलसकट सुरळी करा आणि त्यावर गुडघे टेकून दाब द्या. बरंचसं पाणी टॉवेल पितो. टी-शर्ट रात्री दोरीवर घातला तर सकाळी घालता येतो. जीन्स मात्र घरूनच कमी न्या, ती दोन दिवसांतही वाळत नाही.

आणि शेवटच्या रात्रीचं सांभाळा. उतरायच्या आदल्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायच्या असतात, त्या थेट बंदरावर भेटतात. सगळे कपडे आवरून बॅगेत भरले आणि सकाळी अंगावर फक्त झोपायचा पायजमा, अशी गत होणारे लोक दर सफरीत निघतात. सकाळचा एक जोड आधी बाजूला काढा, चपलांसकट. दोरीवरचा ओला पोहण्याचा पोशाख प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी हातातल्या बॅगेत. आणि भिंतीवरचे चुंबक मोजून घ्या. सहा लावले होते.