हेन्ने यांचे दोन वायू

जुन्या गाडीचा एसी घरीच उघडायला बसलेल्या माणसापुढे पहिला प्रश्न पान्यांचा नसतो, गॅसचा असतो. गॅस भरायचे व्हॉल्व्ह आट्यांचे, पाव इंची फ्लेअरचे असतील तर गाडी आर-१२च्या काळातली. लहान-मोठे क्विक कपलर असतील तर आर-१३४एची, नाहीतर मधल्या काळात कुणीतरी बदलून घेतलेली. आपल्याकडे १ जानेवारी २००३ पासून नव्या गाड्यांच्या एसीत आर-१२सारखे सीएफसी वायू वापरायला मनाई झाली. बऱ्याच कंपन्या त्याआधीच बदलल्या होत्या, तरी नव्वदच्या दशकातल्या मारुती ८०० आणि मागाहून डॅशखाली एसी बसवलेल्या पद्मिनी-अ‍ॅम्बॅसेडर आजही आर-१२च्या खुणा अंगावर बाळगून आहेत. अशी गाडी जपणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी कॉम्प्रेसर, ड्रायर, होज पाइप बदलून ती १३४एवर आणावी लागते.

मला कितीतरी वर्षं कुतूहल आहे ते या दोन आकड्यांचं. गॅरेजमध्ये ‘जुना गॅस’ आणि ‘नवा गॅस’ असंच म्हणतात. दोन पिढ्या, दोन युगं असल्यासारखं. जुने शोधनिबंध चाळत गेल्यावर कळलं की दोन्हींच्या जन्माशी एकाच माणसाचं नाव जोडलेलं आहे. ते म्हणजे अल्बर्ट हेन्ने, बेल्जियममध्ये शिकून अमेरिकेत आलेले रसायनशास्त्रज्ञ. फ्रिऑनचं, म्हणजे आर-१२चं, श्रेय थॉमस मिजली यांना मिळालं आणि पुढे त्याचा दोषही त्यांच्याच माथी आला. हेन्ने मात्र तळटिपेत राहिले.

१९२०च्या दशकात घरोघरी फ्रिज येऊ लागले, पण त्यांच्या नळ्यांतून अमोनिया, सल्फर डायऑक्साइड किंवा मिथाइल क्लोराइड फिरत असे. पहिले दोन निदान नाकाला झोंबून सावध करत. मिथाइल क्लोराइडला वास जवळजवळ नाही. शिकागोत घरगुती फ्रिजमधून गळलेल्या या वायूने २९ जणांना विषबाधा झाली आणि त्यातले १० जण दगावले. १९२९ साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात याची नोंद छापून आली. मिथाइल क्लोराइड हे नाव लक्षात ठेवावं. ते पुढे पुन्हा भेटणार आहे.

जनरल मोटर्सचे संशोधनप्रमुख चार्ल्स केटरिंग यांनी १९२८ मध्ये मिजली यांच्याकडे काम सोपवलं ते या पार्श्वभूमीवर. वायू विषारी नको, ज्वलनशील नको आणि फ्रिजमध्ये चालायला हवा. मिजली शिक्षणाने यंत्र-अभियंता. डेटनमध्ये त्यांच्यासोबत हेन्ने आणि रॉबर्ट मॅकनॅरी होते. आवर्तसारणीत उजवीकडे जावं तसा पेट घेण्याचा गुण कमी होतो, खालून वर यावं तसा विषारीपणा. दोन्ही वाटा फ्लोरिनच्या कोपऱ्यात मिळतात. गंमत अशी की लक्ष फ्लोरिनकडे वळायला एक छापील चूकही कारण झाली. संदर्भग्रंथात कार्बन टेट्राफ्लोराइडचा उत्कलनबिंदू उणे १५ अंश सेल्सिअस दिला होता. प्रत्यक्षात तो उणे १२८ आहे. खरा आकडा छापला असता तर या वाटेला कोणी गेलं असतं की नाही, याची मला शंका वाटते.

पुढचा प्रसंग मिजली यांनी १९३७ साली स्वतः लिहून ठेवला आहे. या विषयावर मी जे काही वाचलं त्यात हा मजकूर मला सर्वांत मोलाचा वाटतो. फ्लोरिनचं संयुग बनवायला अँटिमनी ट्रायफ्लोराइड हवं होतं. ही पद्धत घेंटच्या फ्रेडेरिक स्वार्ट्स यांची, म्हणजे हेन्ने यांच्याच देशातली. एकेक औंसाच्या पाच बाटल्या मागवल्या; मिजली यांच्या समजुतीप्रमाणे तेव्हा देशात तेवढाच माल होता. त्यातली कोणतीशी एक उघडून काही ग्रॅम संयुग तयार केलं आणि काचेच्या हंडीखाली एका गिनीपिगला त्याच्यासोबत ठेवलं. प्राणी मरणार अशी देखरेखीला असलेल्या डॉक्टरांची खात्री होती. तो जगला. मग दुसऱ्या बाटलीतून संयुग बनवलं, आणि या वेळी प्राणी मेला. वास घेतल्यावर उलगडा झाला: फॉस्जीन. पहिल्या महायुद्धात खंदकांमध्ये सोडला गेला तोच वायू. तपासणीत दिसलं की पाचपैकी एकाच बाटलीतलं रसायन शुद्ध होतं. उरलेल्या चारांत पाणी धरून बसलेला क्षार होता आणि त्यातून फॉस्जीन तयार होत होतं. योगायोगाने पहिल्यांदा हाताला लागली ती चांगली बाटली. बाकीच्यांपैकी एखादी आधी उघडली असती तर आपण नाद सोडून दिला असता, असं मिजली लिहितात.

एप्रिल १९३०मध्ये अटलांटात, अमेरिकन केमिकल सोसायटीच्या सभेत त्यांनी असा नवा वायू छातीत भरून घेतला आणि श्वास सोडून मेणबत्ती विझवली. विषारी नाही आणि पेटत नाही, हे एकाच श्वासात दाखवलं. डाइक्लोरोडायफ्लुरोमिथेन, म्हणजेच आर-१२, बाजारात आला. गाडीत तो पोचला तो पॅकार्डच्या १९४० सालच्या मॉडेलबरोबर. त्या एसीला मॅग्नेट क्लच नव्हता. बंद करायचा तर गाडी थांबवायची, बॉनेट उघडायचं आणि कॉम्प्रेसरचा पट्टा हाताने काढायचा! १९४१नंतर पॅकार्डने हा प्रकार सोडून दिला. १९५४च्या नॅशमध्ये सगळी यंत्रणा पुढच्या भागात आली आणि गाडीच्या एसीला आजची ओळखीची मांडणी मिळाली.

हेन्ने पुढे ओहायो स्टेट विद्यापीठात प्राध्यापक झाले. १९३६ साली त्यांनी टेट्राफ्लुरोइथेन तयार केल्याचं प्रसिद्ध केलं. हाच आर-१३४ए. त्यात क्लोरिन नाही, पण त्या वेळी क्लोरिन कुणाला खुपतच नव्हतं, त्यामुळे हा वायू अर्धशतक कपाटात पडून राहिला. १९७४मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलँड यांनी सीएफसीतल्या क्लोरिनमुळे ओझोनचा ऱ्हास होईल हे मांडलं, १९८७मध्ये माँट्रियल करार झाला, १९९२मध्ये भारत त्यात सामील झाला, आणि २००८च्या ऑगस्टपासून आपल्याकडचं सीएफसीचं उत्पादन थांबलं; औषधी फवाऱ्यांपुरती तेवढी सूट राहिली. कपाटातला १३४ए तोवर बाहेर निघालाच होता.

म्हणजे जुन्या गाडीचं परिवर्तन करताना आपण हेन्ने यांच्या एका वायूच्या जागी त्यांचाच दुसरा आणतो. हे दोन वायू उकळतात जवळपास सारख्याच तापमानाला, एक उणे ३० अंशांच्या आसपास, दुसरा उणे २६. तरीही जुना काढून नवा भरला असं करून चालत नाही, कारण खरी अडचण तेलाची आहे. आर-१२ बरोबर खनिज तेल चालायचं. १३४एमध्ये ते विरघळत नाही. कूलिंग कॉइलमध्ये साचून राहतं आणि कॉम्प्रेसर कोरडा पडतो. म्हणून पीएजी किंवा एस्टर तेल घालावं लागतं. खनिज तेलाचा राहिलेला अंश एस्टर अधिक सोसतं, त्यामुळे घरच्या कामाला मी तेच सुचवेन. जुन्या कॉम्प्रेसरमधून निघालेलं तेल मोजावं आणि त्या अंदाजाने नवं घालावं. ओ-रिंग सगळ्या बदलाव्यात. बहुधा हिरव्या रंगाच्या मिळतात त्या एचएनबीआर रबराच्या, तेल लावून बसवाव्यात. १३४एचा रेणू लहान आहे, साध्या रबरातून तो झिरपतो, म्हणून होज आतून नायलॉनचं अस्तर असलेले घ्यावेत. गॅस भरताना वजन जुन्या आकड्याच्या ८० ते ९० टक्के धरावं.

ड्रायर बदलण्यात अनेक जण काटकसर करतात. ती मला मुळीच पटत नाही. ड्रायरच्या आतले दाणे ओलावा शोषून घेतात; सिस्टिम उघडली की तेच दाणे हवेतलं पाणी पिऊ लागतात. कोकणात किंवा मुंबईत जुलैच्या हवेत ड्रायरची बुचं अगदी शेवटी, नट आवळायच्या क्षणीच काढावीत. आत राहिलेलं पाणी एक्सपान्शन व्हॉल्व्हपाशी गोठून वाट अडवतं, आणि तेल-गॅसशी संयोग होऊन आम्लही बनवतं. व्हॅक्यूम मारायचा तो याचसाठी. २५ अंश तापमानाला दाब पाऱ्याच्या २४ मिलिमीटरच्या खाली गेला की पाणी उकळून वाफ होतं आणि पंपाबरोबर बाहेर पडतं. व्हॅक्यूम टिकला म्हणजे गळती नाही, असं मात्र समजू नये. तिथे नळ्यांवर फक्त एका वातावरणाचा दाब असतो, तोही बाहेरून आत. कोरडा नायट्रोजन रेग्युलेटर लावून भरावा आणि सांध्यांवर साबणाचं पाणी फिरवावं. खरी परीक्षा ती. नायट्रोजनऐवजी ऑक्सिजन कधीही वापरू नये. तेलाशी गाठ पडली तर स्फोट होतो.

जुने मेकॅनिक गळती शोधायला हॅलाइड टॉर्च वापरत. क्लोरिन असलेला वायू ज्योतीत ओढला गेला की तांब्याच्या तापलेल्या पट्टीमुळे ज्योत हिरवी होते. १३४एमध्ये क्लोरिन नसल्यामुळे तिथे ही युक्ती चालत नाही. आणि आर-१२ आगीत सापडला की त्यातून फॉस्जीन निघू शकतं, दुसऱ्या बाटलीतून निघालं होतं तेच. म्हणून नळीत जुना गॅस असताना ब्रेझिंगची ज्योत जवळ आणू नये.

आता मिथाइल क्लोराइड. २०११मध्ये जगभरच्या बंदरांतून अचानक शीतकंटेनरांच्या स्फोटांच्या बातम्या आल्या. तीन कामगार मेले, हजाराहून अधिक कंटेनर बाजूला काढले गेले. संशय व्हिएतनाममध्ये झालेल्या दुरुस्त्यांवर गेला. १३४ए म्हणून भरलेल्या वायूत आर-४० निघाला. आर-४० म्हणजे मिथाइल क्लोराइड. फ्रिऑन शोधला गेला तो ज्याला घराबाहेर काढण्यासाठी, तोच विषारी वायू ऐंशी वर्षांनी स्वस्त डब्यात बसून, फ्रिऑनच्या वारसदाराचं नाव लावून परत आला. ॲल्युमिनियमशी त्याचा संयोग झाला की ट्रायमिथाइल ॲल्युमिनियम तयार होतं, आणि ते हवा लागताच पेटतं. गाडीचा कंडेन्सर, कॉम्प्रेसरची बॉडी, बहुतेक नळ्या ॲल्युमिनियमच्याच असतात. म्हणून निर्मात्याचं नाव आणि बॅच नसलेला स्वस्त डबा घेणाऱ्याला मी हात जोडून सांगेन, घेऊ नका. एलपीजी भरून देणाऱ्यालाही दारातूनच परत पाठवावं. कूलिंग कॉइल आपल्या गुडघ्यांसमोर असते. तिथली गळती थेट गाडीच्या आत होते.

राहता राहिली गळती. घरच्या फ्रिजचा कॉम्प्रेसर वेल्ड करून बंद केलेला असतो. गाडीत पट्ट्याने फिरणारा शाफ्ट बाहेर यावा लागतो, तिथे सील असतं, आणि ते वर्षानुवर्षं थोडंथोडं सोडत राहतं. गॅस कमी झाला, टॉप-अप केला, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा केला, हा क्रम आपल्या अंगवळणी पडला आहे. तो किती महाग आहे हे जगाला पहिल्यांदा दाखवलं ते गळतीशीच झुंजलेल्या एका तरुण भारतीय अभियंत्याने. वीरभद्रन रामनाथन अण्णामलै विद्यापीठातून पदवी घेऊन सिकंदराबादच्या एका रेफ्रिजरेशन कंपनीत लागले. गॅस इतका का गळतो ते शोधणं हे त्यांचं काम होतं. पुढे ते अमेरिकेत गेले, आणि १९७५ साली ‘सायन्स’मध्ये त्यांनी दाखवून दिलं की हे सीएफसी वायू ओझोनचं काय करतात ते सोडा, कार्बन डायऑक्साइडच्या हजारो पट उष्णता अडवतात. माँट्रियल कराराच्या हिशेबाने एक किलो आर-१२ शंभर वर्षांत सुमारे दहा हजार नऊशे किलो कार्बन डायऑक्साइडइतकं तापवतो, १३४ए चौदाशे तीस किलोइतकं. क्लोरिन गेलं, तापवणं राहिलं. म्हणूनच माँट्रियल कराराची २०१६ची किगाली दुरुस्ती १३४एलाही लागू आहे. भारतात २०२८पासून १३४एसारख्या वायूंच्या वापराला मर्यादा येईल आणि २०३२पासून कपात सुरू होईल.

तेव्हा घरी काम करणाऱ्याने नट ढिला करून फुस्सकन गॅस सोडू नये. जवळच्या एसीवाल्याकडे रिकव्हरी मशीन असेल तर आधी तिथे जाऊन गॅस काढून घ्यावा, मग गाडी घरी आणून कॉम्प्रेसर, ड्रायर, ओ-रिंग सावकाश बदलावेत, आणि व्हॅक्यूम व भरणी पुन्हा त्याच्याकडूनच करून घ्यावी. पाना-पक्कड चालवण्याचं सुख पूर्ण मिळतं, आकाशात काही जात नाही. आणि एखाद्याच्या पद्मिनीत आर-१२ अजून टिकून असेल, सील धरून असेल, कॉइल थंड पडत असेल, तर ती सिस्टिम परिवर्तनासाठी उघडू नये. बंद नळीतला तो वायू कुणाचंच नुकसान करत नाही.