ब्रूस वेनला वाढवले कोणी?

बॅटमॅन या अमेरिकी कॉमिक्समधील नायकाचे बालपण कसे उद्ध्वस्त झाले, हे त्याचा एकही अंक न वाचलेल्यांनाही बहुधा ठाऊक असते. सिनेमा पाहून रात्री घरी परतणारे आईवडील आणि त्यांचा लहान मुलगा, अंधारातून पुढे आलेला लुटारू, पिस्तुलाच्या गोळ्या आणि एका क्षणात पोरका झालेला तो मुलगा, म्हणजे ब्रूस वेन, एवढी ती हकीकत आहे. १९३९ पासून ती पुन्हापुन्हा लिहिली आणि चितारली गेली, खुन्याचे नाव ठरले, बदलले, पुसले गेले आणि पुन्हा ठरले; परंतु त्या रात्रीनंतर मुलाला घरी कोणी नेले, जेवू कोणी घातले आणि लहानाचा मोठा कोणी केला, हा कोणत्याही घरात सर्वांत आधी विचारला जाणारा प्रश्न या कथेला कित्येक वर्षे पडलाच नव्हता. बॅटमॅनच्या शोकांतिकेला पुढे जी खोली लाभली, तिचे श्रेय मुख्यतः या प्रश्नाच्या उशिरा सुचलेल्या उत्तरांना द्यावे लागते.

चित्रकार बॉब केन आणि लेखक बिल फिंगर यांचा हा नायक ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’ या मासिकाच्या मे १९३९ च्या २७ व्या अंकात प्रथम अवतरला. पहिल्या सहा कथांमध्ये वाचकांना एवढेच कळत होते की, दिवसा आळसावलेला दिसणारा हा श्रीमंत तरुण रात्री मुखवटा चढवून गुन्हेगारांचा पाठलाग करतो. तो असे का करतो याचा खुलासा कोठेही नव्हता. तो नोव्हेंबर १९३९ च्या ३३ व्या अंकात, मूळ साहसकथेच्या आधी जोडलेल्या अवघ्या दोन पानांत आला. अशा खुलाशाला कॉमिक्सच्या व्यवहारात ‘ओरिजिन स्टोरी’ म्हणतात. मराठीत तिला उगमकथा म्हणता येईल. एखादी व्यक्ती अतिमानवी किंवा असामान्य नायक कशी बनली आणि तिच्या व्रतामागे कोणती घटना आहे, हे सांगणारी ती कथा असते.

ही दोन पाने बारकाईने पाहण्यासारखी आहेत. थॉमस वेन, त्याची पत्नी आणि मुलगा चित्रपट पाहून परतत असताना एक लुटारू पत्नीच्या गळ्यातील हार मागतो. थॉमस आडवा येतो आणि गोळीला बळी पडतो. पत्नी पोलिसांना हाका मारू लागते, तेव्हा तिलाही गोळी घातली जाते. वडिलांना नाव आहे, आईला ते अजून दिलेले नाही. शहरालाही गॉथम हे नाव अद्याप मिळालेले नाही. नंतरच्या चौकटीत काही दिवस लोटलेले असून मुलगा मेणबत्तीच्या उजेडात पलंगापाशी गुडघे टेकून बसला आहे आणि उरलेले आयुष्य गुन्हेगारांशी लढण्यात घालवीन, अशी शपथ घेत आहे. त्यानंतर एकदम प्रौढ ब्रूस दिसतो: प्रयोगशाळेत निपुण झालेला, शरीर कमावलेला. मग रात्री तो घरात एकटाच विचार करत बसलेला असताना उघड्या खिडकीतून एक वटवाघूळ आत येते, आणि त्यालाच शकुन मानून तो आपले सोंग ठरवतो.

कॉमिक्सच्या पानावर दोन चौकटींच्या मध्ये एक कोरी पट्टी सोडलेली असते. एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंत जे घडले असेल ते वाचक त्या पट्टीत आपल्या मनाने भरून घेतो, आणि या कलेची बरीचशी ताकद त्यातच असते. मेणबत्तीची चौकट आणि प्रयोगशाळेची चौकट यांच्यामधील पट्टीत मात्र सुमारे पंधरा वर्षे नाहीशी झाली आहेत. आजारपणे, शाळा, आईच्या आठवणीने जागून काढलेल्या रात्री, म्हणजे एका अनाथ मुलाचे सारे बालपण, बोटभर रुंदीच्या त्या कोऱ्या जागेत गडप झालेले आहे. मुलगा शोक करतो आणि लगेच पुरुष होतो.

त्या काळातील इतर नायकांकडे पाहिले म्हणजे ही उणीव अधिकच जाणवते. ली फॉक यांनी १९३६ मध्ये वृत्तपत्रीय चित्रमालिकेत आणलेला फँटम, म्हणजे १९६४ मध्ये सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्समुळे मराठी वाचकांच्या एका पिढीचा लाडका झालेला वेताळ, हाही पित्याच्या हत्येतूनच जन्मला; मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून घेतलेली शपथ त्याच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालते. तरीही किनाऱ्यावर वाहून आलेल्या पहिल्या वेताळाला जंगलातील बांदार जमातीने जगवले, एवढे तरी ती कथा सांगते. सुपरमॅनचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. जून १९३८ च्या पहिल्या कथेत नष्ट होणाऱ्या ग्रहावरून पृथ्वीवर आलेले ते बाळ सरळ अनाथाश्रमात पोचते. पण वर्षभरातच, १९३९ च्या उन्हाळ्यात निघालेल्या ‘सुपरमॅन’च्या पहिल्या अंकात, त्याला पदरात घेणारे केंट दांपत्य कथेत आले आणि पुढे कधीही तिच्यातून गेले नाही. सुपरमॅनचे लेखक जेरी सिगेल सतरा वर्षांचे असताना, जून १९३२ मध्ये, त्यांचे वडील क्लीव्हलँडमधील आपल्या कपड्यांच्या दुकानात चोरीच्या प्रसंगी कोसळून मरण पावले होते. या आघाताचा सुपरमॅनच्या जन्माशी नेमका किती संबंध आहे हे कोणी ठामपणे सांगू नये. मात्र आपल्या पोरक्या नायकाला मायेचे घर देण्यास या लेखकाने फार वेळ लावला नाही, ही गोष्ट लक्षात राहते.

ब्रूसच्या वाट्याला असे घर आले नाही, पण एप्रिल १९४० मध्ये निराळेच काही घडले. ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या ३८ व्या अंकात डिक ग्रेसन हा सर्कशीतील मुलगा आला. खंडणीखोर गुंडांनी झोक्याच्या दोरांवर आम्ल टाकून ठेवल्यामुळे कसरत चालू असताना त्याचे आईवडील त्याच्या डोळ्यांदेखत खाली कोसळतात. बॅटमॅन त्याला आपल्या घरी नेतो, स्वतः त्याचा पालक होतो आणि ‘रॉबिन’ या नावाने त्याला साथीला घेतो. किशोर वाचकांना आपल्या वयाचा कोणी कथेत दिसावा आणि बॅटमॅनला बोलायला कोणी मिळावे, हा त्यामागील व्यावसायिक हिशेब होता. तरीही ज्याला कोणी सांभाळल्याचे चित्र नाही तोच दुसऱ्याला सांभाळायला पुढे होतो, ही त्या कथेतील गोष्ट त्या हिशेबापेक्षा मोठी आहे. येथेही मेणबत्तीच्या उजेडात शपथ घेतली जाते, पण या वेळी त्या उजेडात दोघे जण आहेत.

खुन्याचा शोध घेण्याकडे लेखक वळले ते १९४८ मध्ये. ‘बॅटमॅन’ या नियतकालिकाच्या ४७ व्या अंकात लुटारूला जो चिल हे नाव मिळाले. मालमोटारींच्या धंद्याआड गुन्हे करणाऱ्या चिलला बॅटमॅन गाठतो, पुरेसा पुरावा हाती नसल्यामुळे त्याच्यासमोर आपला मुखवटा उतरवतो आणि तूच ज्यांना मारलेस त्यांचा मी मुलगा, असे सांगतो. भेदरलेला चिल आपल्या साथीदारांकडे धाव घेतो आणि बॅटमॅन निर्माण झाला तो माझ्यामुळे, हे बोलून बसतो. ज्याच्यामुळे आपल्या जिवाला रोजचा घोर लागला तो हाच, हे कळताच साथीदार त्याच्यावर गोळ्या झाडतात आणि बॅटमॅनचे खरे नाव चिलच्या ओठांवरच राहते. सूड नायकाच्या हातून न घडता गुन्हेगारांच्याच हातून घडतो, अशी ही घट्ट विणलेली कथा बिल फिंगर यांची आहे. १९५६ च्या २३५ व्या ‘डिटेक्टिव्ह’ अंकात मात्र त्यांनीच एक पाऊल पुढे टाकून ल्यू मॉक्सन नावाच्या टोळीप्रमुखाने जुन्या वैरापोटी चिलकडून हा खून करवला होता, असे दाखवले. तेथे कथेचे नुकसान झाले. वाटमारीत अकारण झालेल्या मृत्यूला उत्तर नसते, म्हणून तो आयुष्यभर छळतो. सुपारी देऊन करवलेल्या खुनाचा तपास लागतो आणि तो तपास संपतोही.

ज्यांच्या लेखणीतून यातील बहुतेक गोष्टी आल्या त्या फिंगर यांचे नाव त्यांच्या हयातीत बॅटमॅनचे निर्माते म्हणून श्रेयनामावलीत कधी आले नाही. करारानुसार निर्माता म्हणून एकट्या केन यांचेच नाव छापले जाई. फिंगर १९७४ मध्ये निवर्तले आणि त्यांच्या नावाला अधिकृत मान्यता मिळण्यास २०१५ साल उजाडले. अन्यायाविरुद्ध उभ्या राहिलेल्या नायकाच्या जन्मदात्यावर झालेला हा अन्याय बॅटमॅनविषयीच्या कोणत्याही लेखनात नोंदवला गेलाच पाहिजे.

वेन घराण्यातील नोकर आल्फ्रेड याच्याविषयी आजच्या वाचकांचा एक समज पक्का झालेला आहे, तो म्हणजे ब्रूसला त्यानेच वाढवले. प्रत्यक्षात आल्फ्रेड कथेत आला तो १९४३ मध्ये, ‘बॅटमॅन’च्या १६ व्या अंकात, आणि तेव्हा ब्रूस कधीचाच मोठा झालेला होता. वडिलांची अखेरची इच्छा पूर्ण करण्यासाठी नोकरी धरायला आलेला, अंगाने स्थूल आणि हेरगिरीची हौस असलेला हा विनोदी माणूस होता. लहान ब्रूसला त्याने कधी पाहिलेलेही नव्हते. संगोपनाच्या प्रश्नाला पहिले स्पष्ट उत्तर मिळाले ते १९६९ मध्ये. ‘बॅटमॅन’च्या २०८ व्या अंकाने सांगितले की, मुलाला फिलिप वेन या काकाने आश्रय दिला, पण काका सतत प्रवासात असल्यामुळे त्याला खरी माया लावली ती घर सांभाळणाऱ्या मिसेस चिल्टन यांनी. या बाई जो चिलच्या आई होत्या आणि ब्रूसला ते कधी कळले नाही. कल्पना योगायोगाच्या फार आहारी गेलेली आहे, हे मान्य करावे लागते. तरीही ज्याच्या हाताने मुलाची आई हिरावली त्याच्याच आईने त्या मुलाला वाढवावे, या विचारातील दुःख सहजी बाजूला सारता येत नाही.

याहून साधे आणि म्हणूनच अधिक खोल उत्तर मार्च १९७६ मध्ये डेनी ओनील यांनी लिहिलेल्या आणि डिक जिओर्दानो यांनी चितारलेल्या कथेत आहे. ‘डिटेक्टिव्ह’च्या ४५७ व्या अंकातील या कथेत बॅटमॅन दरवर्षी एका ठरावीक रात्री हातातील सारे काम सोडून शहराच्या एका पडक्या वस्तीत जातो. एकेकाळी पार्क रो या नावाने ओळखली जाणारी आणि वेन दांपत्याच्या खुनानंतर ‘क्राइम ॲली’, म्हणजे गुन्ह्यांची गल्ली, हे नाव पडलेली ती जागा आहे. वाटेत कोणी पिस्तूल रोखले की एरवी संयमी असणारा हा माणूस तेथे भान हरपल्यासारखा तुटून पडतो. तो जिच्यासाठी येतो ती लेस्ली टॉम्प्किन्स नावाची वृद्ध स्त्री आहे. त्या रात्री रस्त्यावर रडणाऱ्या मुलाला प्रथम जवळ घेतले ते तिने, आणि अशी वेळ दुसऱ्या कोणावर येऊ नये म्हणून ती ती वस्ती न सोडता आयुष्यभर तेथेच झटत राहिली. एकाच मृत्यूतून दोन व्रते निघाली: एकाने मुखवटा चढवला, दुसरीने शेजारपाजार सांभाळला. तिला हिंसा मान्य नाही. बॅटमॅन तिच्याशी वाद घालत नाही. तो केवळ तिच्या कपाळाचे चुंबन घेतो. या नायकाच्या इतक्या वर्षांच्या कथांमध्ये एवढी नम्र कृती क्वचितच आढळते.

१९८५-८६ मध्ये डीसी कॉमिक्स या प्रकाशनसंस्थेने आपल्या कथाविश्वाची फेरमांडणी केली, म्हणजे पन्नास वर्षांत साचलेल्या परस्परविरोधी हकीकती बाजूला सारून नायकांचे पूर्वचरित्र नव्याने ठरवले, आणि तेव्हापासून आल्फ्रेड हा ब्रूसच्या लहानपणापासून घरात असलेला माणूस झाला. याच सुमारास लेखक-चित्रकार फ्रँक मिलर यांनी ‘द डार्क नाइट रिटर्न्स’ या १९८६ च्या मालिकेत त्या खुनाला त्याचे आजचे परिचित रूप दिले: लहान लहान चौकटींची रांग, ‘झोरो’चा चित्रपट पाहून परतणारे कुटुंब, आईच्या गळ्यातील मोत्यांच्या सरात अडकलेला पिस्तुलाचा हात आणि तुटून उधळलेले मोती. आवाज आणि हालचाल नसलेल्या कागदावर एक क्षण किती लांबवता येतो, याचा हा नमुना आहे. पुढील बहुतेक चित्रपटांनी ते मोती उचलले.

संगोपनाच्या दृष्टीने मात्र मिलर यांचीच, डेव्हिड माझुकेली यांनी चितारलेली १९८७ ची ‘बॅटमॅन: यीअर वन’ ही कथा अधिक महत्त्वाची ठरते. पंचवीस वर्षांचा ब्रूस अजून बॅटमॅन झालेला नाही. शहरात उतरून गुन्हेगारांशी झुंजण्याचा त्याचा पहिलाच प्रयत्न फसला आहे. तो वडिलांच्या अभ्यासिकेत रक्तबंबाळ अवस्थेत बसून मृत वडिलांशी मनातल्या मनात बोलत आहे आणि जगावे की नाही, हे त्याचे ठरत नाही. प्रसंग १९३९ च्या दोन पानांतीलच आहे: तेच घर, तीच रात्र, तीच खिडकी आणि वटवाघूळही तेच, एवढेच की आता ते काच फोडून आत येते. पण जुन्या चित्रात नसलेली एक वस्तू येथे ब्रूसपाशी आहे. ती एक लहानशी घंटा आहे. ती वाजवली तर आल्फ्रेड धावत येईल आणि रक्त थांबवील, हे त्याला पक्के ठाऊक आहे.