दिल्ली दर्शन : सात गैरसमज आणि वस्तुस्थिती

शिमला-मनाली, वैष्णोदेवी किंवा चारधामला निघालेल्या मराठी कुटुंबाच्या वेळापत्रकात दिल्लीच्या वाट्याला बहुधा एकच दिवस येतो. सकाळी गाडीतून उतरायचे, संध्याकाळी पुढची गाडी पकडायची आणि मधल्या वेळात लाल किल्ला, इंडिया गेट, कुतुबमिनार, लोटस टेंपल, अक्षरधाम अशी यादी उरकायची. त्या दिवसाचा मोठा भाग रस्त्यावरच्या गर्दीत जातो आणि परतताना तक्रार उरते, की दिल्ली फार दमवते. दमवते ती चुकीच्या समजुतींवर बेतलेली आखणी.

गैरसमज १ : दिल्ली एका दिवसात बघून होते

लाल किल्ला ते कुतुबमिनार हे अंतर सरळ रेषेत मोजले तरी सुमारे पंधरा किलोमीटर भरते. रस्त्याने ते आणखी वाढते. एवढी पांगापांग होण्याचे कारण इतिहासात आहे. दिल्ली हे एकाच गाभ्याभोवती वाढलेले शहर नाही. इथे प्रत्येक मोठ्या सत्तेने आपली राजधानी नव्या जागी वसवली.

तोमरांचा लालकोट आणि पृथ्वीराज चौहानच्या नावाने ओळखला जाणारा किला राय पिथौरा दक्षिणेला महरौलीत आहेत. अलाउद्दीन खिलजीने सिरी वसवले. ग्यासुद्दीन तुघलकाने १३२१ मध्ये आग्नेयेकडच्या खडकाळ भागात तुघलकाबादचा किल्ला बांधायला घेतला. फिरोजशहा तुघलक १३५४ मध्ये यमुनेकाठी गेला आणि त्याने फिरोजाबाद उभारले. अनिल कुंबळेने १९९९ मध्ये पाकिस्तानचे दहाही गडी ज्या मैदानावर टिपले, ते कोटला मैदान याच फिरोजाबादच्या अवशेषांना लागून आहे. हुमायून आणि शेरशहा यांचा पुराना किला, शाहजहानचे शाहजहानाबाद आणि शेवटी इंग्रजांची नवी दिल्ली, असा हा प्रवास पुढे चालू राहिला.

म्हणून एका दिवसात एकच राजधानी, फार तर शेजारच्या दोन, एवढेच ठरवावे. हुमायूनचा मकबरा, सुंदर नर्सरी आणि निजामुद्दीन औलियांचा दर्गा ही तिन्ही ठिकाणे एकमेकांपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. तेवढ्यांतच अर्धा दिवस आनंदात जातो.

गैरसमज २ : ‘जुनी दिल्ली’ म्हणजे सर्वांत जुनी दिल्ली

चांदणी चौक, जामा मशीद, दरीबा, बल्लीमारान हा भाग जुनी दिल्ली म्हणून ओळखला जातो. प्रत्यक्षात तो दिल्लीच्या ऐतिहासिक राजधान्यांमधला शेवटून दुसरा. शाहजहानने १६३९ मध्ये लाल किल्ल्याचा पाया घातला, तेव्हा शिवराय नऊ वर्षांचे होते. किल्ला १६४८ मध्ये पुरा झाला. त्यानंतरची राजधानी एकच, नवी दिल्ली. तिची घोषणा १२ डिसेंबर १९११ च्या दरबारात झाली आणि उद्घाटन फेब्रुवारी १९३१ मध्ये.

खरोखर जुने काही पाहायचे असेल, तर पावले महरौलीकडे वळवावीत. कुतुबमिनारच्या आवारातला लोहस्तंभ गुप्तकाळातला आहे. मिनाराच्या शेजारीच महरौली पुरातत्त्व उद्यान आहे. तिथे सोळाव्या शतकाच्या आरंभीची चार मजली पायऱ्यांची ‘राजों की बावली’ आणि जमाली-कमालीची मशीद-कबर आहे. बहुतेक पर्यटक बस मिनारापाशी थांबतात आणि तिथूनच माघारी फिरतात, त्यामुळे इतक्या जवळचे हे उद्यान पाहायचे राहून जाते.

गैरसमज ३ : मेट्रो स्थानकाला वास्तूचे नाव असले, की ती वास्तू दारात

डिसेंबर २००२ मध्ये सुरू झालेल्या दिल्ली मेट्रोने पर्यटकांचे जगणे सोपे केले, यात शंका नाही. मात्र स्थानकाचे नाव आणि वास्तूचे दार यांत फरक असतो. यलो लाइनवरच्या ‘कुतुबमिनार’ स्थानकातून बाहेर पडल्यावर मिनार दीड-दोन किलोमीटरवर राहतो. पुढे रिक्षा किंवा ई-रिक्षा करावी लागते. ‘हौज खास’ स्थानकाहून हौज खासच्या तलावाकडे जातानाही तीच गोष्ट. इंडिया गेटला स्वतःचे स्थानक नाही. ‘सेंट्रल सेक्रेटरिएट’ला उतरून कर्तव्य पथावरून चालत जाणे हा त्यातला चांगला पर्याय, ऊन नसेल तर.

उलट मे २०१७ मध्ये व्हायोलेट लाइन काश्मिरी गेटपर्यंत वाढली आणि ‘दिल्ली गेट’, ‘जामा मशीद’, ‘लाल किला’ ही तीन स्थानके ऐन जुन्या शहरात आली. ही मात्र नावाला जागतात. लाल किल्ल्यासाठी अजूनही अनेकजण चांदणी चौक स्थानकाला उतरून गर्दीतून वाट काढत जातात. त्याची आता गरज उरलेली नाही.

तिकिटासाठी रांगेत उभे राहण्याचीही गरज नाही. पुणे किंवा मुंबईच्या मेट्रोसाठी घेतलेले एनसीएमसी कार्ड दिल्लीतही चालते. गाडीच्या दिशेने पाहता पहिला डबा महिलांसाठी राखीव असतो.

गैरसमज ४ : दिल्लीची गाडी म्हणजे नवी दिल्ली स्थानक

महाराष्ट्र आणि गोव्याहून येणाऱ्या बऱ्याच गाड्यांचा शेवटचा थांबा हजरत निजामुद्दीन आहे. मुंबई सेंट्रलहून सुटणारी ऑगस्ट क्रांती राजधानी आणि वास्कोची गोवा एक्स्प्रेस तिथेच थांबतात. मुंबई सेंट्रलचीच दुसरी राजधानी मात्र नवी दिल्लीला जाते. चांदणी चौकाजवळचे दिल्ली जंक्शन हे तिसरे, तर आनंद विहार हे चौथे मोठे स्थानक. पुढची गाडी कुठून सुटते, हे न पाहता धावणाऱ्यांची गाडी चुकते ती इथेच.

तिकिटावरचे स्थानकाचे पूर्ण नाव वाचून मगच हॉटेल ठरवावे. निजामुद्दीनला उतरणाऱ्यांसाठी सराय काले खाँच्या बाजूला पिंक लाइनचे स्थानक आहे. नवी दिल्ली स्थानकाला दोन तोंडे आहेत : पहाडगंज आणि अजमेरी गेट. विमानतळाकडे जाणारी एअरपोर्ट एक्स्प्रेस आणि यलो लाइन, दोन्ही अजमेरी गेटच्या बाजूला मिळतात.

गैरसमज ५ : विमानतळाची मेट्रो सगळ्या टर्मिनलना जाते

एअरपोर्ट एक्स्प्रेस टर्मिनल ३ ला जाते आणि शेजारचे टर्मिनल २ ही तिथूनच गाठता येते. नवी दिल्ली स्थानकापासून सुमारे वीस मिनिटे लागतात. टर्मिनल १ ही वेगळी जागा आहे आणि तिथे मॅजेंटा लाइन जाते. पुण्या-मुंबईची परतीची विमाने यांपैकी कोणत्याही टर्मिनलवरून असू शकतात आणि टर्मिनल बदललेही जाते. त्यामुळे निघण्याच्या दिवशी बोर्डिंग पासवरचा आकडा पुन्हा पाहणे शहाणपणाचे.

गैरसमज ६ : गाडी केली, की कधीही कुठेही जाता येते

आधी वार पाहावा. लाल किल्ला, राष्ट्रीय संग्रहालय, लोटस टेंपल आणि अक्षरधाम सोमवारी बंद असतात. कुतुबमिनार आणि हुमायूनचा मकबरा मात्र सोमवारीही खुले असतात; सोमवार त्यांच्यासाठी राखून ठेवावा. स्वातंत्र्यदिनाच्या आधीचे काही दिवस लाल किल्ला सुरक्षेसाठी पर्यटकांना बंद होतो. जामा मशिदीत नमाजाच्या वेळी पर्यटकांना प्रवेश नसतो. चांदणी चौकातली बरीच दुकाने रविवारी बंद असतात. पण पुस्तकवेड्यांसाठी तोच वार सोन्याचा, कारण दर्यागंजचा प्रसिद्ध रविवारचा पुस्तकबाजार २०१९ पासून दिल्ली गेटजवळच्या महिला हाटमध्ये भरतो.

मग वेळ पाहावी. चांदणी चौकाचा लाल किल्ला ते फतेहपुरी मशीद हा मुख्य रस्ता सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारींना बंद आहे. तिथे पायी फिरावे किंवा सायकल-रिक्षा करावी.

शेवटी ऋतू. ‘दिल्ली पाहावी ती थंडीत’ हे अर्धेच खरे. डिसेंबरअखेर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत दाट धुक्यामुळे रेल्वे आणि विमाने तासन्‌तास रखडतात. दिवाळीच्या आसपास हवा इतकी बिघडते, की दमा असलेल्यांनी आणि लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी ते दिवस टाळलेलेच बरे. फेब्रुवारी आणि मार्चचा पहिला पंधरवडा चालत फिरण्यासाठी उत्तम.

गैरसमज ७ : दिल्लीत मराठ्यांचा इतिहास पानिपतापाशी संपतो

हा समज मराठी पर्यटकाला सर्वांत महागात पडतो, कारण तो स्वतःच्या इतिहासाच्या खुणांवरून चालतो आणि त्याला पत्ता नसतो. १७३७ मध्ये पहिल्या बाजीरावाने दिल्लीवर धडक दिली, तेव्हा मोगल फौजेशी चकमक झाली ती तालकटोऱ्याच्या परिसरात. त्याच तालकटोरा स्टेडियममध्ये फेब्रुवारी २०२५ मध्ये ९८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. लाल किल्ल्यातल्या दिवाण-ए-खासचे चांदीचे छत १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी फौजेच्या खर्चासाठी उतरवले. पानिपत त्यानंतर काही महिन्यांनी घडले.

पानिपताच्या दहा वर्षांनंतर, १७७१ मध्ये, मराठे पुन्हा दिल्लीत शिरले. महादजी शिंद्यांच्या बळावर बादशहा शाहआलम १७७२ मध्ये लाल किल्ल्यात परतला. राजधानीवरची शिंद्यांची पकड सुटली ती ११ सप्टेंबर १८०३ रोजी पटपडगंजच्या लढाईत, जनरल लेकच्या इंग्रज फौजेसमोर. त्या लढाईचा स्मारकस्तंभ आज नोएडातल्या गोल्फ कोर्सच्या आवारात उभा आहे. ब्लू लाइनवर ‘गोल्फ कोर्स’ नावाचे स्थानक आहे. तिथून रोज जाणाऱ्या मराठी प्रवाशांपैकी किती जणांना हे ठाऊक असते?

हे सारे लक्षात घेतले, तर तीन दिवसांची साधी आखणी अशी करता येते : एक दिवस महरौली आणि कुतुब परिसराचा, एक दिवस हुमायूनचा मकबरा, निजामुद्दीन आणि पुराना किल्ल्याचा, आणि सोमवार सोडून एक दिवस लाल किल्ला, जामा मशीद व चांदणी चौकाचा. संध्याकाळ उरली, तर कर्तव्य पथ. ज्यांच्याकडे खरोखर एकच दिवस आहे, त्यांनी या तीनपैकी एक भाग निवडावा आणि बाकीचे पुढच्या फेरीसाठी ठेवावे. पुढच्या सहलीचे आरक्षण करताना शिमल्याचा एक मुक्काम कमी करा आणि तो दिवस दिल्लीला द्या.