लाल किल्ल्याची खतावणी

दिल्लीस जाणाऱ्या आमच्या व्यापारी बंधूंचा परिपाठ ठरलेला आहे. चांदणी चौकात मालाचा सौदा करावा आणि परतीच्या गाडीस अवकाश असल्यास समोरचा लाल किल्ला पाहून यावा. घरी आल्यावर दोन गोष्टी सांगावयाच्या : एक, संगमरवरावरील कारागिरी अप्रतिम आहे, दुसरी, एके काळी मराठ्यांनी ही दिल्ली हालविली होती. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. परंतु जो दुकानदार आपल्या खतावणीतील जमेची बाजू तेवढी वाचतो व नावेची बाजू झाकून ठेवतो, त्यास आपण शहाणा म्हणत नाही. मग इतिहासाच्या खतावणीस निराळा न्याय का लावावा ?

शहाजहानने या किल्ल्याचे काम १६३९ साली आरंभिले व १६४८ साली तो पुरा झाला. लाहोरी दरवाजाने आत शिरताच छत्ता बाजार लागतो. त्या छपराखाली आजही दुकाने आहेत. पुढे नौबतखाना, त्यापुढे दिवाण-इ-आम व अखेर यमुनेच्या बाजूस दिवाण-इ-खास. येथील मयूरासन नादिरशहाने १७३९ साली लुटून नेले, हे शाळेतील मुलासही ठाऊक असते. परंतु याच दालनाचे चांदीचे छत कोणी काढिले, असे विचारल्यास आमची जीभ अडखळते. ते १७६० साली सदाशिवरावभाऊंनी काढून वितळविले व त्याचे रुपये पाडिले. फौज उपाशी होती, खजिना रिता होता, ही अडचण खरी. पण अडचण हे कारण झाले, समर्थन नव्हे. परक्याने नेली ती लूट आणि आपण नेली ती निकड, असा दुटप्पी निवाडा कोणत्याही न्यायासनापुढे टिकणार नाही.

जमेची बाजूही लहान नाही. महादजी शिंद्यांच्या बळावर शहाआलम १७७२ साली दिल्लीच्या तख्तावर परतला. आणि १७८८ साली गुलाम कादराने याच वाड्यात त्या वृद्ध बादशहाचे डोळे काढिले, तेव्हा त्यास सोडविणारी फौजही शिंद्यांचीच होती. या गोष्टीचा अभिमान अवश्य धरावा.

आता कायद्याच्या दृष्टीने पहा. १७६५ साली शहाआलमच्या सनदेने कंपनी सरकार बंगालचे दिवाण झाले. त्याच शहाआलमचा नातू बहादुरशहा. १८५८ च्या जानेवारीत त्यास त्याच्याच दिवाण-इ-खासमध्ये लष्करी पंचांपुढे उभे केले व कंपनीची प्रजा ठरवून त्याजवर राजद्रोहाचा आरोप ठेविला ! धन्याच्या सनदेवर आलेल्या दिवाणाने धन्याच्या नातवास फितुर ठरवावे, याहून विलक्षण खटला आमच्या पाहण्यात नाही. बादशहा रंगूनास गेला, आणि आतील महालांचा मोठा भाग पाडून तेथे गोऱ्या शिपायांच्या बराकी उठल्या. १९४५ साली आझाद हिंद सेनेच्या शहानवाज, सहगल व धिल्लन या तीन अधिकाऱ्यांवर याच किल्ल्यात खटला झाला. भुलाभाई देसायांनी तेथे पारतंत्र्यातील राष्ट्रासही स्वातंत्र्यासाठी शस्त्र धरण्याचा हक्क आहे, असा युक्तिवाद केला. शिक्षा झाली, पण लोकमतापुढे सरकारास जन्मठेप माफ करावी लागली.

येथवर वाचणारास समाधान वाटेल. पण खतावणीचे पान उलटले पाहिजे. १९४८ साली याच किल्ल्यात महात्मा गांधींच्या खुनाचा खटला चालला व १० फेब्रुवारी १९४९ रोजी त्याचा निकाल लागला. मुख्य आरोपी नथुराम गोडसे पुण्यात मराठी वृत्तपत्राचा संपादक होता. ज्याच्या हाती लेखणी होती त्याने पिस्तूल उचलले, ही नोंद आमच्या धंद्याच्या नावे पडलेली आहे. ती खोडण्याचा अधिकार कोणास नाही. आम्हांस तर मुळीच नाही.

१९५८ च्या पुरातत्त्वविषयक कायद्याने संरक्षित वास्तूची नासधूस करणारास शिक्षा सांगितली असून २०१० सालच्या दुरुस्तीने ती दोन वर्षे कैद किंवा एक लाख रुपये दंड, अथवा दोन्ही, इतकी वाढविली आहे. तरी भिंतीवर स्वतःचे नाव कोरण्याची हौस सुशिक्षितांसही सुटत नाही. भिंतीवरचा ओरखडा शिपाई रोखू शकेल. स्मरणातील खाडाखोड मात्र ज्याची त्यानेच रोखावयाची आहे. म्हणून आमचे सांगणे इतकेच की, पुढील खेपेस दिल्लीस जाल तेव्हा मुलांना बरोबर न्या, दिवाण-इ-खासमध्ये उभे राहून मान वर करा, आणि 'येथील चांदी कोठे गेली ?' असे मुलाने विचारल्यास खरे उत्तर द्या. ज्या घरात हिशेब मुलांपासून लपविला जात नाही, त्याच घराची पेढी पुढील पिढीत टिकते. राष्ट्राचेही तसेच आहे.