आजोबांचं गाव

सिंगापूरमध्ये उंच इमारतीत राहणाऱ्या चिनी वंशाच्या एखाद्या मुलीला विचारा, "तुम्ही मूळचे कुठले?" ती पटकन म्हणेल, "आम्ही तिओच्यू!" म्हणजे तिचे पणजोबा किंवा खापरपणजोबा दक्षिण चीनच्या किनाऱ्यावरून, छाओझोऊ भागातून जहाजानं आलेले. तिनं ते गाव पाहिलेलंही नसेल. गिरगावात जन्मलेली मुलगी "आमचं गाव राजापूर" म्हणते ना, अगदी तसंच.

चीनमध्ये तर मूळ ठिकाण कोणतं मानायचं, याचा सरकारी नियमच आहे. फॉर्मवर मूळ ठिकाणाचा रकाना असतो. तिथं आपलं जन्मगाव लिहायचं नाही. आपण जन्मलो तेव्हा वडिलांचे वडील जिथं राहत होते, ते ठिकाण लिहायचं. आईचं माहेर यात येतच नाही. मला हे मुळीच पटत नाही!

गाव बदललं की बोली बदलते, आणि किती बदलते बघा. 'जेवणे' याला मँडरिनमध्ये म्हणतात 'छ्र फान', कँटनीजमध्ये 'सिक फान' आणि होक्कियनमध्ये 'चिया प्ङ'. तिघं आपापल्या बोलीत गप्पा मारायला बसले, तर एकमेकांचं काही म्हणता काही कळणार नाही.

म्हणून परमुलखात उतरलेला माणूस आधी आपली बोली बोलणारे शोधायचा. काम, झोपायला जागा, आजारपणात मदत, सगळं तिथंच मिळायचं. सिंगापूरच्या होक्कियन बोलणाऱ्या लोकांनी १८४०च्या सुमारास समुद्रदेवी माझूचं थिआन हॉक केंग हे देऊळ बांधलं. तेव्हा समुद्र देवळाच्या समोरच होता. बोटीतून उतरायचं आणि सुखरूप पोचलो म्हणून थेट देवीच्या पाया पडायचं! सिंगापूरमधल्या जुन्या चिनी कबरींवरसुद्धा माणसाच्या नावाबरोबर त्याचं चीनमधलं मूळ ठिकाण कोरलेलं दिसतं.

१९७९ साली सिंगापूर सरकारनं 'मँडरिन बोला' अशी मोहीम काढली. वेगवेगळ्या गटांतल्या लोकांना एकमेकांशी बोलणं सोपं झालं. पण पुष्कळ नातवंडांना आजीची बोली येईनाशी झाली. मला त्याचं फार वाईट वाटतं. तरी ती मुलं स्वतःला तिओच्यू, होक्कियन, हाक्का म्हणवतात.

हाक्का म्हणजे आपल्या हाक्का नूडल्समधलेच बरं का! कोलकात्यात हाक्का लोकांची जुनी वस्ती आहे. आणि मुंबईत माझगावला एक छोटं चिनी देऊळ आहे, १९१९ सालचं. ग्वांगदोंग प्रांतातल्या शेजारशेजारच्या चार तालुक्यांमधून आलेल्या लोकांचं ते देऊळ. देवळाच्या नावातही तेच चार तालुके आहेत: सी यिप.