जुनी शेगडी घेताना

आपल्या बीड जिल्ह्यात ऊन कडक, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण पौष-माघात बालाघाटाच्या डोंगरपट्टीत रात्रीची थंडीही चांगलीच पडते. मग घरात ऊब हवीशी वाटते. घरी बाळंतीण असली तर शेगडी लागतेच. ऊसतोडीला गेलेली माणसे कोपीत निखारे ठेवतात.

नवी शेगडी महाग पडते. म्हणून आपण आठवडी बाजारात, नाही तर भंगारवाल्याकडे जुनी शेगडी पाहतो. त्यात वाईट काही नाही. चांगली जुनी शेगडी पुष्कळ वर्षे टिकते. पण पैसे काढण्याआधी एक गोष्ट स्वतःला विचारावी. हिचा धूर जाणार कुठून?

दिसणारा वैरी आणि न दिसणारा वैरी

धूर डोळ्यांना दिसतो. डोळे चुरचुरतात, खोकला येतो, आपण दार उघडतो. हा उघड वैरी झाला. पण कोळशातून आणखी एक विषारी वायू निघतो. त्याचे नाव कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. तो नाकाला झोंबत नाही. म्हणून तो आलेला कळतच नाही.

निखारे लाल फुलले, धूर थांबला, की आपण म्हणतो, "आता शेगडी आत घ्यायला हरकत नाही." इथेच घात होतो. धूर थांबतो, पण हा वायू थांबत नाही. निखाऱ्यावर राख पसरली तरी तो निघतच राहतो.

हा वायू करतो काय? आपले रक्त छातीतला प्राणवायू साऱ्या अंगाला पोचवते. पण हा विषारी वायू रक्ताला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. गाडीत आधीच धोंडे भरले तर ज्वारीची पोती ठेवायची कुठे? तसेच रक्ताचे होते. प्राणवायूला जागा उरत नाही.

मग डोके दुखते, गरगरते, मळमळते, हातापायांतले बळ जाते. घरातल्या सगळ्यांचेच डोके एकदम दुखू लागले, तर तो सर्दी-पडसे म्हणून सोडून देऊ नये. झोपलेल्या माणसाला तर काहीच कळत नाही. तो झोपेतच जातो.

बाजेखालची शेगडी

बाळंतिणीला शेक द्यायची आपली जुनी चाल आहे. बाजेखाली शेगडी ठेवतात, ओव्याची आणि बाळंतशोपांची धुरी देतात. वारा लागू नये म्हणून दारे-खिडक्या लावून घेतात. मायेनेच करतात हे सारे.

पण घरे आता बदलली, बरं का. माळवदाच्या घराला वर उजेडासाठी आणि धुरासाठी भोक असायचे. त्या घरातही धूर कोंडायचा, पण थोडी तरी वाट होती. आता स्लॅबची खोली झाली. खिडकीला काच आली, दार घट्ट बसू लागले. चाल तीच राहिली, पण वाट बुजली. त्या कोंडलेल्या खोलीत ओली बाळंतीण आणि चार दिवसांचे तान्हे असते. पोटुशी बाई असली तर पोटातल्या बाळालाही हा वायू बाधतो.

म्हणून आम्ही सांगतो, ज्या खोलीत माणसे झोपतात, तिथे बिनधुराड्याची शेगडी ठेवू नये. बाजेखाली तर नकोच नको. मग ऊब कशी द्यावी? बाळाला कुंची घालावी. उघड्या अंगाने आईच्या छातीशी धरून वरून पांघरूण घालावे. बाळाचे नाक-तोंड मात्र मोकळे ठेवावे. आईच्या अंगासारखी ऊब शेगडीत नाही. आईला शेक हवा असेल तर वीट बाहेर तापवावी, जाड फडक्यात नीट गुंडाळावी आणि ती वीट आत न्यावी. निखारे आत नेऊ नयेत.

शेगडी पाहावी कशी

बाजारात गेल्यावर घाई करू नये. एवढे पाहावे.

पत्रा. शेगडी उचलून उन्हाकडे धरावी आणि आतून पाहावे. भोक असेल तर उजेड दिसतो. तळाला खिळ्याने टोचून पाहावे. पत्रा गंजून खाल्ला असेल तर खिळा आत जातो.

जाळी. कोळसा जाळीवर बसतो. जाळी वाकली किंवा तुटली असेल तर निखारा खाली पडतो. राखेचे तोंड मोकळे हवे, कारण हवा तिथूनच आत जाते.

माती. आतला मातीचा थर फुटला असेल तर तो नवा देता येतो. त्यासाठी भाव पाडून मागावा.

मूळ. औषधाच्या किंवा रंगाच्या डब्याची केलेली शेगडी घेऊ नये. जस्ताचा मुलामा दिलेला पत्राही फार तापला की त्याची वाफ बाधते.

पाय. चारही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. डुगडुगणारी शेगडी कलंडते आणि घर जाळते.

घरी आणल्यावर पहिल्यांदा ती अंगणात पेटवावी.

कोळसाही ओळखावा. लाकडी कोळसा हलका, दगडी कोळसा जड. दगडी कोळसा आपल्या जिल्ह्यात निघत नाही. चंद्रपूर-यवतमाळकडे त्याच्या खाणी आहेत. त्याचा धूर फार उग्र असतो. धुराडे नसेल तर तो घरात जाळूच नये.

धुराडे कसे बसवावे

तापलेली हवा हलकी होते आणि वर जाते. नळी जितकी सरळ आणि उंच, तितका ओढा चांगला. परळीला १९७१ साली कोळशावर वीज होऊ लागली. तिथल्या वीजकेंद्राची उंच धुराडी लांबूनही दिसतात. धूर वर ओढला जावा आणि माणसांपासून दूर जावा, म्हणून ती एवढी उंच बांधतात. आपल्या घरचे धुराडे छोटे, पण नियम तोच.

धुराड्यासाठी नळीचे तोंड असलेली शेगडीच लागते. उघड्या शेगडीवर नळी टांगून भागत नाही. नळी शेगडीच्या तोंडापेक्षा अरुंद नसावी. तिला वळणे कमीत कमी द्यावीत. छपराच्या आढ्याच्या वर ती दोन-तीन फूट काढावी. पावसासाठी वर टोपी बसवावी. नळी पाचटातून किंवा लाकडाजवळून नेऊ नये, कारण तापलेल्या नळीने आग लागते. महिन्यातून एकदा काजळी झाडावी. आणि खालून ताजी हवा यायला खिडकी किंवा फट ठेवावी. आत हवा आली नाही तर धूर बाहेर जाईल कसा?

धुराडे ओढते की नाही, हे उदबत्तीने कळते. पेटती उदबत्ती शेगडीच्या तोंडाशी धरावी. तिचा धूर आत ओढला गेला तर ठीक. खोलीत परत फिरला तर नळी तुंबली आहे.

ही विद्या आपल्याकडे नवी नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत मगन चूल तयार झाली. हैदराबादचे डॉ. एस. पी. राजू यांनी बिनधुराची चूल केली आणि १९५३ साली तिच्यावर पुस्तिका काढली. तेव्हा बीड जिल्हा हैदराबाद राज्यातच होता. बायांच्या डोळ्यांतले पाणी पाहून शहाण्या माणसांनी ही खटपट केली.

कुणाला वायू बाधला तर

आधी दारे-खिडक्या उघडाव्यात. माणसाला उचलून मोकळ्या हवेत न्यावे. शेगडी विझवत बसू नये, माणूस आधी. १०८ नंबरला फोन करावा आणि दवाखान्यात न्यावे, कारण प्राणवायू देणे हाच त्यावरचा उपाय आहे. डॉक्टरांना "खोलीत कोळसा पेटला होता" हे आवर्जून सांगावे. बरे वाटले म्हणून परत त्याच खोलीत झोपू नये.

वाचून झाल्यावर बोला

१. निखाऱ्यांचा धूर थांबला म्हणजे धोका टळला का?
२. आपल्या घरात धूर बाहेर जायला वाट कुठे आहे?
३. आपल्या गल्लीत बाळंतीण आहे का? तिच्या बाजेखाली काय ठेवले आहे, हे आजच जाऊन पाहाल का?